पहिलं पिस्तूल घेताना: आधी ते दिवसभर कुठे राहणार ते ठरवा

प्रश्न एका फार्मासिस्ट बाईंचा आहे. त्या टेक्सासमध्ये ह्यूस्टनच्या पश्चिमेला केटीत राहतात. नुकतंच ग्रीन कार्ड मिळालंय. आठवड्यातल्या काही रात्री औषधांचं दुकान बंद करून पार्किंगमधल्या गाडीपर्यंत त्यांना एकटीने चालत जावं लागतं. घरात सहा वर्षांचा मुलगा आहे, आणि सासू-सासरे सध्या काही महिन्यांसाठी आलेत. हात लहान आहेत, मनगटात फार जोर नाही. बंदुकीच्या दुकानात त्यांना 'बायकांसाठी हेच बरं' म्हणून पाच गोळ्यांचं हलकं रिव्हॉल्व्हर दाखवलं. मैत्रीण रुगर एलसीपी हे छोटं पिस्तूल पर्समध्ये घेऊन फिरते. त्या विचारतात, यातलं कोणतं घेऊ?

मी याच भागात नवशिक्यांना पिस्तूल चालवायला शिकवते, त्यात बायका बऱ्याच असतात. त्यामुळे उत्तर लगेच देते: दोन्हीपैकी एकही नको. बजेट आणि हात बघता नऊ मिलिमीटरच्या गोळीचं, मध्यम-छोट्या आकाराचं, पट्ट्यावरच्या होल्स्टरमध्ये, म्हणजे पिस्तुलाच्या म्यानात, बसणारं पिस्तूल घ्या. नावं पुढे सांगते. पण त्याआधी एक हिशोब करा, कारण तो केल्यावर पिस्तुलाची निवड जवळजवळ आपोआप होते. ते पिस्तूल चोवीस तासांत कुठे-कुठे असणार? सकाळी घरातून निघताना, मुलाला शाळेत सोडताना, दुकानात आठ-दहा तास, रात्री गाडीत, घरी आल्यावर, झोपताना. या प्रत्येक वेळी ते अंगावर असेल, की कुलपात? तिसरा पर्याय नाही. बाकावर, ड्रॉवरमध्ये, उशीखाली, पर्समध्ये हे पर्याय मी धरतच नाही.

हा हिशोब तुमच्या बाबतीत लावला की एक अडचण लगेच समोर येते. बहुतेक मोठ्या औषध दुकानांच्या साखळ्या कर्मचाऱ्यांना कामावर शस्त्र बाळगू देत नाहीत. टेक्सासमध्ये २०११ पासून असा कायदा आहे की कायदेशीरपणे बाळगलेलं शस्त्र कर्मचाऱ्याने स्वतःच्या कुलूपबंद गाडीत, कंपनीच्या पार्किंगमध्ये ठेवलं तर मालक, काही अपवाद सोडता, त्याला मनाई करू शकत नाही. पण दुकानाच्या आत मालकाचा नियम चालतो, आणि तो मोडलात तर नोकरी जाईल. म्हणजे तुमचं पिस्तूल दिवसभर गाडीत. आणि तुम्हाला भीती कशाची आहे? दुकानाच्या दारापासून गाडीपर्यंतच्या चालण्याची. नेमक्या त्या वेळी पिस्तूल गाडीत असेल आणि तुम्ही बाहेर. ज्या कामासाठी ते घ्यायचं म्हणता, ते काम ते करणारच नाही.

त्यामुळे त्या पार्किंगचा इलाज वेगळा करा. संध्याकाळी गर्दी कमी झाली की गाडी दाराजवळच्या दिव्याखाली आणून लावा. दुकान बंद करताना दोघं एकत्र बाहेर पडा, हे मॅनेजरकडून लेखी मागून घ्या. रात्री बंद करणाऱ्या माणसाने ते मागण्यात काही गैर नाही. किल्ली हातात, फोन खिशात, कानात काही नाही. आणि चांगल्या कंपनीचा पेपर स्प्रे घ्या. स्वसंरक्षणासाठी विकला जाणारा छोटा स्प्रे टेक्सासमध्ये कायदेशीर आहे. कामावर तो चालेल का तेवढं विचारून घ्या, आणि एकदा मोकळ्या जागेत वाऱ्याची दिशा बघून मारून पाहा. पिस्तूल शिकवणारी बाई स्प्रे विकायला निघाली असं वाटेल. वाटू दे. अंधारात अंगावर येणारा माणूस दारुडा आहे, भिकारी आहे की लुटारू, हे कळायच्या आत वापरता येईल आणि चूक झाली तरी कोणी मरणार नाही, असं साधन हेच आहे.

एवढं करूनही पिस्तूल हवंच असेल, आणि घरासाठी, सुट्टीच्या दिवसांसाठी, लांबच्या प्रवासासाठी ते हवंसं वाटणं मला समजतं, तर पुढचं वाचा.

पहिली गोष्ट कागदांची. तुमच्याकडे ग्रीन कार्ड आहे, म्हणून तुम्ही विकत घेऊ शकता. हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी स्पष्ट लिहिते, कारण आपल्या लोकांत याबद्दल फार गैरसमज आहेत. एच-वन-बी, एल-वन, एफ-वन, एच-फोर किंवा पर्यटक व्हिसावर असलेल्या माणसाला फेडरल कायद्याने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगता येत नाही. वैध शिकारीचा परवाना असेल तर सूट आहे, आणि तो इंटरनेटवर थोड्या डॉलरांत मिळतो, म्हणून मुलं तो काढून दुकानात जातात. इमिग्रेशन वकिलाला विचारल्याशिवाय या वाटेने जाऊ नका. बंदुकीसंबंधी गुन्ह्यात दोषी ठरणं हे देशाबाहेर काढण्याचं स्वतंत्र कारण आहे, आणि ते ग्रीन कार्डवाल्यालाही लागू आहे. नागरिकत्वाच्या वाटेवर असताना एवढी एक चूक पुरते.

तुमच्या घरी हे लगेच लागू होतं. सासू-सासरे पर्यटक व्हिसावर आलेत. त्यांना तिजोरीचा कोड सांगायचा नाही. सासऱ्यांना हौस म्हणून नेमबाजीच्या रेंजवर नेऊन चार गोळ्या झाडायला लावायच्या नाहीत. भारतातून येणाऱ्या पाहुण्यांना रेंज दाखवणं ही इथे जणू पद्धत पडली आहे, आणि तिथे कोणी विचारतही नाही. पण कोणी विचारलं नाही म्हणून ते कायदेशीर होत नाही.

दुकानात तुम्हाला ४४७३ क्रमांकाचा फेडरल फॉर्म भरावा लागेल. त्यात तुमचा एलियन नंबर, म्हणजे ग्रीन कार्डवरचा क्रमांक, लागतो, आणि ड्रायव्हिंग लायसन्सवरचा पत्ता सध्याचा लागतो. मग पार्श्वभूमी तपासणी. ही १९९८ पासून चालते आणि बहुधा काही मिनिटांत उरकते. फॉर्मवर विचारलेलं असतं की खरा खरेदीदार तुम्हीच आहात का. एच-वन-बीवरच्या भावासाठी स्वतःच्या नावावर घेणं हा गंभीर गुन्हा आहे. गांजाचाही प्रश्न आहे, आणि एखाद्या राज्यात तो कायदेशीर असला तरी फेडरल फॉर्मला त्याचं काही नाही. खोटं लिहू नका.

टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून पात्र असलेल्या माणसाला परवान्याशिवाय पिस्तूल बाळगता येतं. तरीही तुम्ही परवाना, म्हणजे एलटीसी, काढाच. वर्ग चार ते सहा तासांचा, एक लेखी परीक्षा, आणि तीन, सात व पंधरा यार्डांवरून पन्नास गोळ्यांची चाचणी. सरकारी शुल्क ४० डॉलर. त्याचे फायदे खरे आहेत: न्यू मेक्सिकोसारखी राज्यं तो मान्य करतात, आणि शाळांच्या भोवती हजार फुटांचा जो फेडरल बंदूकबंदीचा पट्टा आहे त्यात परवानाधारकाला सूट आहे. केटीत मुलाला शाळेत सोडायला जाणारी आई रोज दोनदा त्या पट्ट्यातून जाते. शाळेच्या इमारतीत मात्र परवाना असला तरी नाही. यावरून आठवलं: आपल्या मंडळांचे गणपती, दिवाळी पहाट, नाटकांचे प्रयोग बऱ्याचदा शाळेच्या सभागृहात असतात. तिथे पिस्तूल घरी ठेवून जायचं. देवळांच्या दारावर ३०.०६ किंवा ३०.०५ अशा आकड्यांची, म्हणजे टेक्सासच्या कायद्यातल्या कलमांची, पाटी आहे का तेही बघायला शिका. ३०.०६ असेल तर परवाना असूनही लपवून आत नेता येत नाही, ३०.०५ परवाना नसलेल्यांसाठी असते. आणि लाल रंगात ५१ टक्के लिहिलेली पाटी म्हणजे दारूवर चालणारी जागा. तिथे पिस्तूल घेऊन शिरणं साधा दंडाचा मामला नाही.

आता पिस्तुलाकडे येऊ. दुकानदार छोट्या चणीच्या बाईला छोटं पिस्तूल का दाखवतो? हातात धरल्यावर ते गोजिरवाणं वाटतं, पर्समध्ये मावतं, आणि विकलं जातं. पण लपवायला जितकं सोपं, चालवायला तितकंच अवघड, हे या धंद्यातलं न बदलणारं गणित आहे. गोळी तीच, तर पिस्तूल जितकं हलकं तितका धक्का जास्त. मूठ आखूड असेल तर करंगळी हवेत राहते, आणि धक्का आवरायला लागणारी निम्मी पकड जाते. नळी आखूड म्हणजे पुढची आणि मागची साइट, म्हणजे नेम धरायच्या खुणा, जवळजवळ, म्हणजे नेमात झालेली बारीक चूकही मोठी होऊन लक्ष्यावर दिसते.

ते रिव्हॉल्व्हर, वर्णनावरून स्मिथ अँड वेसन ६४२ किंवा तशाच जातीचं, रिकामं असताना सुमारे १५ औंसांचं, म्हणजे एका पौंडालाही थोडं कमी. त्याचा चाप मात्र दर गोळीला साधारण १२ पौंड जोराने, लांबवर ओढावा लागतो. एक पौंडाची वस्तू हातात स्थिर धरून तिच्यावर बारा पौंडांचा जोर एका बोटाने लावायचा, आणि तेवढ्यात साइट हलू द्यायची नाही. ज्यांनी वर्षानुवर्षं रिव्हॉल्व्हर चालवलंय त्यांना हे जमतं, आणि त्यांच्या हातात ते फार भरवशाचं शस्त्र आहे. नव्या माणसाला रेंजवर पाच यार्डांवरच्या कागदाच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात गोळ्या जाताना दिसतात, बोटं दुखतात, आणि दोन फेऱ्यांनंतर ते कपाटात जातं. शिवाय पाच गोळ्या, आणि पुन्हा भरायला वेळ. एखादी गोळी फुटली नाही तर पुन्हा चाप ओढायचा एवढंच, हा त्याचा एक खरा गुण आहे. पण त्यासाठी एवढी किंमत देऊ नका.

एलसीपीची गोष्टही तीच. २००८ साली आलेलं हे पिस्तूल दहा औंसांच्या आतबाहेर आहे, .३८० ची, म्हणजे नऊ मिलिमीटरपेक्षा कमी जोराची, गोळी झाडतं, आणि खिशात खरंच कळत नाही. ज्याला आधीच नीट नेमबाजी येते त्याचं ते दुसरं पिस्तूल म्हणून ठीक. पहिलं म्हणून नाही. सराव करावासा वाटत नाही, आणि .३८० ची काडतुसं नऊ मिलिमीटरपेक्षा महागही पडतात.

पूर्वी या दोन टोकांच्या मधे फारसं काही नव्हतं. एका बाजूला ग्लॉक १९ सारखं पंधरा गोळ्यांचं, भरवशाचं पण सडपातळ बाईच्या कमरेला जाड वाटणारं पिस्तूल. दुसऱ्या बाजूला सहा-सात गोळ्यांची चपटी पिस्तुलं. २०१८ मध्ये सिग कंपनीने पी३६५ हे पिस्तूल आणलं. जवळपास त्याच छोट्या आकारात दहा गोळ्या बसवल्या, आणि बाकीच्या कंपन्यांना धावाधाव करावी लागली. त्यामुळे आज तुम्हाला निवड आहे. माझ्या मते तुम्ही रेंजवर भाड्याने घेऊन ही चार चालवून बघावीत: सिग पी३६५ एक्सएल, ग्लॉक ४३एक्स, स्मिथ अँड वेसन शील्ड प्लस, आणि स्मिथ अँड वेसनचंच शील्ड ईझी. पहिली तीन एकाच वर्गातली आहेत, सगळी नऊ मिलिमीटरची, वजन वीस औंसांच्या आसपास, पूर्ण हात मावेल एवढी मूठ. तिन्ही चांगली. कंपन्यांवरून वाद घालणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. तुमच्या हातात जे बसेल तेच तुमचं.

हातात बसणं म्हणजे काय, ते दुकानात असं तपासा. विक्रेत्याला पिस्तूल रिकामं आहे हे दाखवायला सांगा, मग स्वतः चेंबरमध्ये, म्हणजे गोळी बसते त्या पोकळीत, बघा, बोट घालून बघा. मूठ तळव्यात अशी धरा की नळी कोपरापर्यंतच्या हाताच्या सरळ रेषेत येईल. आता बोट चापावर न्या. बोटाच्या पेराचा मऊ भाग चापावर पोचला पाहिजे. फक्त टोक पोचत असेल तर ओढताना पिस्तूल बाजूला ढकललं जाईल. बोट सांध्यापर्यंत आत जात असेल तर मूठ फार बारीक आहे. मॅगझीन, म्हणजे मुठीत बसणारी गोळ्यांची डबी, सोडायचं बटण पकड फारशी न बदलता दाबता येतंय का बघा. सुरक्षित दिशेला, विक्रेत्याची परवानगी घेऊन, हे सगळं आरामात करा. घाई करणारा विक्रेता असेल तर दुसरं दुकान गाठा. ह्यूस्टनमध्ये दुकानांना तोटा नाही.

'मला स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग) ओढता येत नाही' ही तक्रार मी फार ऐकते, आणि बहुतेक वेळा ती जोराची नसते, पद्धतीची असते. सिनेमात दाखवतात तसं अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत स्लाइड धरून ओढू नका. पिस्तूल छातीजवळ आणा, नळी समोर सुरक्षित दिशेला. डाव्या हाताची चारही बोटं स्लाइडवरून घेऊन तळव्याने घट्ट पकडा. मग डावा हात जागेवर ठेवून उजव्या हाताने पिस्तूल पुढे ढकला, आणि स्लाइड झटक्यात सोडून द्या. हळूहळू सोबत घेऊन जाऊ नका. हे शिकवल्यावर बहुतेकींना शील्ड प्लस सहज ओढता येतं. ज्यांना संधिवात आहे किंवा मनगट खरंच साथ देत नाही, त्यांच्यासाठी शील्ड ईझी आहे. .३८० मधलं ते २०१८ मध्ये आणि नऊ मिलिमीटरमधलं २०२० मध्ये आलं. स्लाइड खरोखर हलकी, मॅगझीन भरायला सोपं, मुठीच्या मागे दाबला जाणारा सेफ्टीचा खटका. तो खटका पकड सैल असेल तर पूर्ण दबत नाही आणि चाप चालत नाही, म्हणून भाड्याने घेऊन चालवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

काडतुसांबद्दल फार डोकं शिणवू नका. एफबीआयने १९८६ च्या मायामीतल्या गोळीबारानंतर मोठ्या गोळ्यांकडे मोर्चा वळवला होता, आणि २०१४ च्या सुमारास त्यांच्याच प्रशिक्षण विभागाने पुन्हा नऊ मिलिमीटरची बाजू घेतली. आधुनिक पोकळ टोकाची गोळी नऊ मिलिमीटरमध्ये पुरेसं काम करते, धक्का कमी असतो आणि लोकांचा नेम जास्त लागतो. त्यांच्या चाचणीत गोळी जेलीच्या ठोकळ्यात बारा ते अठरा इंच जावी अशी अपेक्षा असते. फेडरल एचएसटी, स्पीअर गोल्ड डॉट यांसारखी नावाजलेली गोळी घ्या. सरावासाठी साधी, पूर्ण धातूच्या आवरणाची. न्यू जर्सीतल्या वाचकांनी मात्र इथे थांबावं: तिथे पोकळ टोकाच्या गोळ्यांवर, मॅगझीनच्या क्षमतेवर आणि प्रत्येक पिस्तुलाच्या खरेदीवर वेगळे कडक नियम आहेत. एडिसनमधल्या बहिणीने ह्यूस्टनच्या बहिणीचा सल्ला जसाच्या तसा उचलू नये.

पर्सबद्दल मी कठोर आहे, आणि त्याचं कारण आहे. ३० डिसेंबर २०१४ ला आयडाहो राज्यात हेडन गावच्या वॉलमार्टमध्ये एका आईची पर्स शॉपिंग कार्टमध्ये होती, शेजारी तिचा दोन वर्षांचा मुलगा. पर्स खास पिस्तूल ठेवण्यासाठी बनवलेली, वेगळा चेनचा कप्पा असलेली. आईला परवाना होता, तिला शस्त्राची सवय होती. मुलाने चेन उघडली आणि एक गोळी सुटली. आई जागेवर गेली. पर्स आपण दिवसभर खुर्चीला अडकवतो, गाडीत मागे टाकतो, मैत्रिणीकडे दोन मिनिटं धरायला देतो, आणि चोराला तर आधी तीच हवी असते. तुमच्या घरी सहा वर्षांचा मुलगा आहे. विषय संपला.

अंगावर बाळगायचं तर कायडेक्सचं, म्हणजे कडक प्लास्टिकचं, होल्स्टर घ्या, त्याच पिस्तुलाच्या मापाचं, चाप पूर्ण झाकणारं. दुकानातल्या टोपलीत दहा-पंधरा डॉलरला मिळणारी कापडी, सगळ्या मापांची म्हणून विकली जाणारी पिशवी नको. पट्टा जाड, ताठ हवा. लेगिंगच्या इलॅस्टिकवर पिस्तूल टिकत नाही. जीन्स आणि थोडा सैल कुर्ता हा सगळ्यात सोपा पोशाख आहे. पुढच्या बाजूला बेंबीपासून जरा उजवीकडे ठेवलं तर बाईच्या शरीरावर चांगलं लपतं, पण बसताना टोचत असेल तर उजव्या नितंबाच्या पुढे घ्या. पंजाबी ड्रेसखाली पोटाला बांधायचा रुंद पट्टा चालतो, पण त्यात चाप झाकणारं कडक कवच हवंच. साडीबद्दल प्रामाणिकपणे सांगते: साडीत नीट बाळगणं आणि वेळेवर काढणं जमवता आलेली बाई मला अजून भेटलेली नाही. साडी नेसायचा दिवस तिजोरीचा दिवस समजा. होल्स्टरमध्ये परत ठेवताना कपडा बाजूला करून, डोळ्यांनी बघून, सावकाश ठेवा. बहुतेक अपघात काढताना नाही, ठेवताना होतात.

पैशांचं सांगायचं तर पिस्तुलासाठी चारशे ते सहाशे डॉलर धरा, होल्स्टर आणि पट्ट्यासाठी दीडशे, हाताने पटकन उघडणाऱ्या तिजोरीसाठी दीडशे-दोनशे, आणि प्रशिक्षण व काडतुसांसाठी पिस्तुलाइतकेच पुन्हा. एवढे एकदम जमत नसतील तर पिस्तूल दोन महिने उशिरा घ्या. तिजोरी आधी घ्या. टेक्सासमध्ये सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती निष्काळजीपणाने भरलेलं शस्त्र लागलं तर पालकावर गुन्हा होतो, पण कायदा दूरच राहू दे. मुलं कपाटाच्या वरच्या फळीवर चढतात, हे तुम्हाला सांगायला नको. तिजोरी भिंतीला किंवा पलंगाच्या चौकटीला बोल्टने घट्ट करा, कोड मुलाच्या वाढदिवसाचा ठेवू नका. आणि एक अवघड गोष्ट: अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. घरात कोणी नैराश्यातून जात असेल, औषधं चालू असतील, तर सध्या पिस्तूल घरी आणू नका. मी विद्यार्थ्यांना हे आधी विचारते, आणि काही जण रागावतात. मला चालतं.

गाडीत ठेवण्याचं वर आलंच. कामाच्या दिवशी ते गाडीतच राहणार असेल तर सीटखाली तारेच्या साखळीने बांधलेली छोटी तिजोरी हवी. होल्स्टरमधून काढून ठेवायचं असेल तर ते पार्किंगमध्ये लोकांसमोर नाही, निघण्यापूर्वी घरीच. चोरीला गेलेल्या बंदुकांचा मोठा वाटा गाड्यांतूनच जातो. ह्यूस्टनच्या पार्किंगमध्ये फुटलेल्या काचांचे ढीग तुम्हीही पाहिले असतील. गाडीवर पिस्तुलाच्या कंपनीचं स्टिकर लावणं म्हणजे चोराला आमंत्रण. खरं तर कामाच्या दिवशी मी तुम्हाला ते घरच्या तिजोरीतच ठेवायला सांगेन.

सरावाबद्दल दोन गोष्टी. नवीन पिस्तुलातून आधी किमान दोनशे साध्या आणि पन्नासेक पोकळ टोकाच्या गोळ्या अडथळ्याशिवाय जाऊ द्या, मगच ते अंगावर घ्या. आणि घरी, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून, दोनदा तपासून, रिकाम्या पिस्तुलाचा चाप साइट न हलवता ओढायचा सराव रोज पाच-दहा मिनिटं करा. ज्या भिंतीकडे नळी असेल तिच्यामागे कोणी झोपलेलं नको. रेंजवर महिन्यातून एकदा, पन्नास-शंभर गोळ्या, सगळ्या सात यार्डांच्या आत. पंचवीस यार्डांवरच्या लक्ष्याचा मधला ठिपका फोडण्यात तुमचा काही फायदा नाही. चुकून गोळी अडकली तर मॅगझीनच्या तळाला ठोकायचं, स्लाइड ओढायची, पुन्हा नेम धरायचा. हे हाताला इतकं सवयीचं व्हावं की विचार करावा लागू नये.

आता कायद्याची ती बाजू, जी लोक वर्गात ऐकून घेतात आणि पार्किंगमध्ये विसरतात. टेक्सासमध्ये प्राणघातक बळ वापरता येतं ते तुमच्यावर किंवा दुसऱ्यावर प्राणघातक हल्ला, लूट, अपहरण, बलात्कार अशा गोष्टी तत्काळ होत असताना, ते गरजेचं आहे असं तुम्हाला वाजवीपणे वाटलं तर. रात्री मालमत्तेसाठी बळ वापरण्याचं एक कलमही टेक्सासमध्ये आहे, आणि इंटरनेटवरचे शूर लोक ते फार उगाळतात. तुम्ही त्याच्या भरवशावर एकही गोळी झाडू नका. काउंटरवर येऊन कोणी औषधं किंवा पैसे मागितले तर द्या. विमा आहे, आणि तुमच्या मागच्या खोलीत तंत्रज्ञ मुलगी उभी आहे. पिस्तूल नुसतं 'दाखवायला' काढणं हाही स्वतंत्र गुन्हा ठरू शकतो. आणि खरंच वेळ आली, तर ९११ ला फोन तुम्हीच करा, पत्ता आणि स्वतःचं वर्णन सांगा, पोलिस यायच्या आत शस्त्र खाली ठेवा. फौजदारी वकिलाचा नंबर आधीच फोनमध्ये हवा, आणि ग्रीन कार्डवर असाल तर इमिग्रेशन वकिलाचाही. वर्णाने सावळ्या, इंग्रजी वेगळ्या लयीत बोलणाऱ्या बाईच्या हातात पिस्तूल बघून येणारा पोलिस काय समजेल, हे त्या क्षणी तुमच्या हातात नसतं. हात रिकामे आणि दिसतील असे ठेवणं तुमच्या हातात असतं. वाहन तपासणीत पोलिसाने ओळखपत्र मागितलं आणि पिस्तूल अंगावर असेल, तर एलटीसीही सोबत द्या. तसा कायदा आहे.

रेड डॉट साइट, म्हणजे लाल ठिपका दाखवून नेम धरायला मदत करणारी काच, लावावी का, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. पहिल्या वर्षी नको. साध्या साइटवर हात बसू द्या. पिस्तूल मात्र अशा प्रकारातलं घ्या ज्यावर ती नंतर बसवता येईल. चारपैकी तिघांत तशी आवृत्ती सहज मिळते, ईझीचं तेवढं दुकानात विचारा.

आणि रेंजसाठी एक वेगळी, स्वस्त बॅग घ्या, जिच्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, आणि ती प्रवासाला कधीच वापरू नका. रेंजवरून आलेल्या बॅगेच्या शिवणीत एखादं काडतूस अडकून राहतं आणि डिसेंबरात तीच बॅग मुंबईला निघते. भारताचा १९५९ चा शस्त्र कायदा नुसत्या काडतुसालाही लागू आहे, आणि विमानतळावर एक जिवंत काडतूस सापडलं तरी गुन्हा दाखल होऊ शकतो. मग सुट्टीचे तीन आठवडे सहार पोलिस ठाणे आणि वकिलाच्या ऑफिसात जातात.